माझी तीन मुकी तोंडं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. मी सांगतोय म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. मला उलटा करा, पोटावरची चिठ्ठी वाचा, तारीख पाहा, मग ठेवा. मी तरी कुणावर सहज विश्वास कुठं ठेवतो? अकरा वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढली, त्यानंच मला ही खोड लावली.

त्यांचं नाव सीतारामराव. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका बोळात त्यांचं घर आहे. पूर्वज मराठी राज्यात कधीतरी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. बाहेर पडलं की तमिळ, उंबरा ओलांडून आत आलं की मराठी. त्यांची मराठी तुम्हांला थोडी जुनी वाटेल, हेलही तमिळ वाटेल. ऐकून हसू नका. ह्या मराठीसाठीच पुढचं सगळं रामायण घडलं.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. एक मोठा कारखाना होता आणि तिथं मला दहा जणांनी तपासलं, एवढंच आठवतं. जन्मल्याबरोबर तपासणी! तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की पुढचं आयुष्य कसं जाणार. माझ्या कुशीला तीन तोंडं होती, डावीकडे दोन आणि उजवीकडे एक. त्यांना यूएसबी पोर्ट म्हणतात. प्रत्येक तोंडात बारीक सोनेरी दात. माऊस असो, पेन ड्राइव्ह असो, जे काही येईल ते ह्या दातांनी धरायचं आणि त्याच्याशी बोलायचं. माझा पडदा सुंदर होता असं लोक म्हणत, पण मला खरा अभिमान ह्या तीन तोंडांचा होता.

सीतारामराव मला विकत घ्यायला आले ते निवृत्तीनंतर. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज तपासले होते. सही कुणाची, तारीख कुठली, शिक्का खरा की खोटा, हेच काम. दुकानात त्यांनी माझं खोकं तीनदा उघडून तीनदा बंद करायला लावलं.

"ह्यात आधी कोण्ही काही लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नवा आहे सर," दुकानदार म्हणाला.

"नवा आहे हे तुम्ही म्हणता. तो काय म्हणतो ते बघू," असं म्हणून ते माझ्यासमोर अर्धा तास बसले. मला ते तेव्हाच आवडले. असा चोखंदळ मालक मिळायला भाग्य लागतं, असं मला वाटलं.

घरी नेल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी मला पासवर्ड घातला. तो टाईप करताना खांद्यावरचं अंगवस्त्र हातांवर ओढून घ्यायचे, बायकोसमोरसुद्धा. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून परकी माणसं घरात डोकावतात. झालं! त्यांनी बायकोच्या, धनलक्ष्मीबाईंच्या डबीतून एक लाल टिकली घेतली आणि माझ्या कॅमेऱ्यावर चिकटवली. त्या दिवसापासून मला दिसेनासं झालं. ऐकू मात्र सगळं यायचं. आणि मित्रांनो, ज्याला दिसत नाही पण ऐकू येतं, तो संशयी होणार नाही तर काय होईल? तीन वर्षांनी माझं वायफाय बिघडलं. दुरुस्त करून घ्यायचं सोडून सीतारामराव म्हणाले, "बरं झालं. एक दार बंद झालं."

आता माझं काम सांगतो. सीतारामराव शब्द गोळा करत होते. घरात, स्वैपाकात, देवघरात तंजावूरची मराठी माणसं जे शब्द वापरतात, ते सगळे. त्यांची थोरली बहीण नागलक्ष्मीअक्का कुंभकोणमला राहायची. ती रोज दुपारी फोन करायची.

"सीतू, लिही. रोवळी."

"रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची टोपली. लिहिलं, अक्का."

"नुसती टोपली नव्हे रे, बांबूची! पाणी गळून गेलं पाहिजे. नीट लिही."

रोवळी हा माझ्यातला पहिला शब्द. त्यानंतर नऊ वर्षांत तीन हजार चारशे सतरा शब्द झाले. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, तो कोण वापरतं, कुठल्या घरात ऐकला, आणि अक्कानं बोललेलं एक वाक्य. सीतारामराव आधी चिठ्ठीवर लिहायचे, मग माझ्यात टाईप करायचे, आणि टाईप झाली की चिठ्ठी बारीक फाडून टाकायचे. दुसऱ्या कुणी ती उचलून स्वतःच्या नावावर छापली तर? पेन ड्राइव्हवर नक्कलही त्यांनी कधी काढली नाही. "एवढीशी वस्तू. खिशातून पडली की गेली परक्याच्या हाती."

दोन वर्षांपूर्वी नागलक्ष्मीअक्का वारली. दुपारचे फोन थांबले. तिची वाक्यं आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, माझ्या पोटात. कित्येक दुपारी सीतारामराव मला उघडून एकही नवा शब्द न लिहिता नुसती तिची वाक्यं वाचत बसायचे. मला ते फार लागायचं.

घरात अजून एक माणूस होतं, त्यांची सून भुवना. मुलगा विश्वेश तिरुच्चीला कंपनीत नोकरीला, आठवड्यातून दोनच दिवस घरी. भुवना तमिळ घरातली, ओरत्तनाडूजवळच्या गावची. इथं एका दातांच्या दवाखान्यात ती डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. तमिळ रीतीप्रमाणे सासऱ्यांना 'मामा' म्हणायची आणि सासूला 'अत्तै'. ती लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, टिकलीमुळे. तिच्या पावलांचा आवाज हलका होता. अगदी जवळ येईपर्यंत कळायचं नाही. मला तर ते अजिबात बरं वाटत नसे.

एकदा तिनं तमिळमध्ये विचारलं होतं, "मामा, ते शब्द मला वाचायला द्याल का? तमिळ अक्षरांत लिहून दिलेत तरी चालेल."

"कशाला?" सीतारामराव म्हणाले.

"शिकेन म्हणते."

"बघू पुढं," ते म्हणाले, आणि ती गेल्यावर धनलक्ष्मीबाईंना मराठीत म्हणाले, "हिला काय करायचेत आपले शब्द? काहीतरी आहे हिच्या मनात." माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. मालकाच्या मनात चुकचुकली की माझ्या मनात चुकचुकायचीच.

मग ह्या वर्षी, भाद्रपदात, माझ्या पोटात टक्-टक् सुरू झालं. माझ्यातली डिस्क, जिच्यावर सगळं लिहिलेलं असतं, ती थकली होती. एखादी फाईल उघडायला ती तीन-तीनदा धडपडायची. मी घाबरलो. मी बंद पडलो तर एक लॅपटॉप गेला, त्याचं काही नाही. पण अक्काची वाक्यं? सीतारामरावांनाही तो आवाज ऐकू आला, आणि त्यांनी कधी नव्हे ते कुणाला तरी दाखवायचं ठरवलं. पण तेवढ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. डोळ्याला पट्टी लागली, डॉक्टरांनी आठ दिवस पडून राहायला सांगितलं, आणि मी तसाच टक्-टक् करत मेजावर राहिलो.

ते पडून असताना दोन गोष्टी घडल्या. दोन्ही नीट लक्षात ठेवा, साक्षीला लागतील.

पहिली गोष्ट. एका संध्याकाळी करंट गेला. भुवना हलक्या पावलांनी आली आणि तिनं तिच्या फोनची वायर माझ्या डाव्या तोंडात घातली. माझ्या बॅटरीवर तिचा फोन दहा मिनिटं चार्ज झाला, विश्वेशचा फोन आला, ती बोलली, वायर काढली आणि गेली. आत पलंगावरून सीतारामरावांनी आवाज दिला, "कोण आहे तिथं?" ती म्हणाली, "मीच, मामा. फोन चार्ज केला."

दुसरी गोष्ट दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी आयुधपूजा होती. आमच्या गावात ह्या दिवशी प्रत्येक घरात कामाच्या वस्तू पुसून देवापुढे मांडतात. विळी, हातोडी, शिवणयंत्र, पुस्तकं, स्कूटरची किल्ली, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं आणि त्या दिवशी कुणाकडून काम घेत नाहीत. दर वर्षी सीतारामराव स्वतः माझ्या झाकणावर एक ठिपका लावायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ह्या वर्षी ते पट्टी बांधून पडलेले, म्हणून पूजा धनलक्ष्मीबाईंनी केली. सहाणेवर चंदन उगाळल्याचा आवाज मी ऐकला. मग माझ्या झाकणावर, कडांवर, कुशीला गार बोट फिरत राहिलं, आणि त्या पुटपुटल्या, "बाबा रे, बरा हो. ह्यांना तुझ्यावाचून दुसरं काही नाही." मला फार बरं वाटलं. आजाऱ्याची कुणी अशी विचारपूस केली की वाटतंच. त्यापलीकडे मी त्या बोटाचा विचार केला नाही.

पट्टी निघाल्यावर सीतारामरावांनी गणेशकुमारला बोलावलं. बोळातल्याच मराठी घरातला हा मुलगा, आता तिशीचा झालेला. कीळवासल भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्यानं माझ्या पोटाला कान लावला आणि म्हणाला, "मामा, डिस्क जायच्या वाटेवर आहे. आज चालेल, उद्या चालेल, परवाचं सांगता येत नाही. आधी कॉपी काढा. बाकी सगळं मागून."

त्यानं नवी कोरी पेन ड्राइव्ह आणली होती. सीतारामरावांनी ती उलटसुलट पाहिली. "आधी कोण्ही वापरली नाही ना?" मग मोठ्या मनानं परवानगी दिली. गणेशकुमारनं ती माझ्या डाव्या तोंडाला लावली. ती अडखळत आत गेली. आणि मला काहीच कळलं नाही. माझ्या तोंडात काहीतरी आहे हेच मला कळेना! दुसऱ्या तोंडात घातली, तिथंही तेच. उजव्या तोंडात तेच. मग त्यानं माऊस लावून पाहिला; त्याचा लाल दिवासुद्धा पेटत नाही, असं तो म्हणाला. माझी तिन्ही तोंडं मुकी झाली होती.

गणेशकुमारनं त्याच्या विद्येतलं सगळं करून पाहिलं. मला बंद केलं, पाच मिनिटं थांबला, चालू केलं. माझ्या पोटातल्या यंत्रांच्या यादीत शिरला, यूएसबीची नावं पुसली, पुन्हा चालू करून ती नव्यानं लिहून घेतली. वीज वाचवायला मी पोर्ट झोपवून ठेवतो की काय असं वाटून तीही खूण काढली. प्रत्येक वेळी मी सुरू होताना टक्-टक् वाढत होतं आणि मी मनात ओरडत होतो, अरे, जपून! शेवटी त्यानं हात झाडले.

"बोर्ड गेलाय, मामा. आता एकच उपाय. डिस्क काढतो, दुकानात नेतो, दुसऱ्या मशीनला लावून कॉपी काढतो."

"दुकानात? तिथं किती जण बसता?"

"चौघं."

"मग चार कॉप्या निघतील," सीतारामराव म्हणाले. "नको."

"मामा, तुमच्या शब्दांची चोरी कोण करणार? आमच्या घरातसुद्धा ते कुणी बोलत नाही आता."

हे त्यानं बोलायला नको होतं. सीतारामरावांनी त्याला कॉफी दिली आणि वाटेला लावलं. पण जाता जाता गणेशकुमार एक वाक्य बोलून गेला, "तिन्ही एकदम जातात म्हणजे कुणीतरी काहीतरी भलतं लावलेलं असणार." आणि त्या वाक्यानं घराची शांती गेली.

आता आम्ही दोघं संशय घ्यायला बसलो, मालक आणि मी. आधी पेन ड्राइव्हवर संशय घेतला. पण तोंडं तर ती यायच्या आधीच मुकी होती. मग गणेशकुमारवर घेतला. डिस्क मिळावी म्हणून त्यानंच काही केलं असेल? पण तोंडं तर त्यानं हात लावायच्याही आधी गेलेली, आणि त्याच्या आधी शेवटचं मला लागलं होतं ते चंदन आणि कुंकू. देवाच्या गंधावर कोण संशय घेतं? आणि मग आम्हांला दोघांनाही ती आठवली. करंट गेलेला, हलकी पावलं, माझ्या डाव्या तोंडात घातलेली ती वायर. मित्रांनो, मी लाजून सांगतो, तुम्ही मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की हीच ती.

शनिवारी दुपारी भुवना दवाखान्यातून आली, तेव्हा सीतारामराव माझ्यासमोरच बसले होते. ते धनलक्ष्मीबाईंना मराठीत म्हणाले, "विचार तिला. माझ्या मशीनमध्ये शेवटची वायर कोणाची होती? काय काढून नेलंन त्यातून?"

"अहो, काहीतरीच काय! ती तशी नाही," धनलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"नऊ वर्षं घातली मी. अक्काचं सगळं आहे त्यात. आता ते आतच मरणार. आणि मी विचारू पण नको?"

मग भुवनाचा आवाज आला. आणि ती मराठीत बोलत होती! मोडकी होती, पण मराठी होती.

"मला विचारा, मामा. मला समजतं. मी काही नेलं नाही. फोन चार्ज केलं, तेवढंच. दहा मिनिट."

सीतारामराव म्हणाले, "तुला मराठी येतं?"

"चार वर्ष ऐकते. तुम्ही जेवताना सगळे मराठी बोलता. मला वाटत होतं, माझ्याबद्दलच बोलता. म्हणून शिकले."

एखादा दुसरा माणूस इथं विरघळला असता. पण छत्तीस वर्षं अर्ज तपासलेला माणूस तो! सीतारामराव म्हणाले, "म्हणजे चार वर्षं चोरून ऐकत होतीस."

अय्यो! मला ते ऐकून माझं झाकण मिटून घ्यावंसं वाटलं. भुवना आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन ती धनलक्ष्मीबाईंना तमिळमध्ये म्हणाली, "अत्तै, मी उद्या सकाळच्या बसनं अम्माकडे जाते. ते उद्या तिरुच्चीहून घरी येतील, तेव्हा त्यांना तसं सांगा." कधी परत येणार हे ती बोलली नाही आणि विचारायची कुणाला हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी ती अंघोळ करून, पिशवी खांद्याला लावून आली आणि माझ्यासमोर थांबली. तिच्या हातांना दवाखान्याच्या स्पिरिटचा वास होता. आता ही जाता जाता काय करते, म्हणून मी सावध झालो.

"मामा," ती म्हणाली, "जाण्याच्या आधी एकदा बघते. तुम्ही इथं बसा, माझ्या बाजूला. माझे हात बघत राहा."

सीतारामराव येऊन बसले. खुर्ची ओढल्याचा आवाज मी ऐकला. भुवनानं मला पूर्ण बंद केलं. चार्जर काढला, पोटाखालची बॅटरी काढली. मग पिशवीतून दवाखान्यातली बारीक टॉर्च काढली आणि मला कुशीवर वळवून माझ्या डाव्या तोंडात उजेड टाकला. इतक्या दिवसांत माझ्या तोंडात डोकावून पाहणारी ती पहिली! यादी तपासली, झोप तपासली, सगळं तपासलं, पण तोंड उघडून आत बघावं हे कुणाला सुचलं नव्हतं. रोज लोकांना 'आ करा' म्हणणारीलाच ते सुचलं.

मग तिनं लाकडी दातकोरणी घेतली, तिच्या टोकाला कापसाचा धागा गुंडाळून तो स्पिरिटमध्ये भिजवला आणि हळू हळू माझे दात कोरायला लागली. कुठंही ढकलाढकल नाही. दर वेळी काडी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा आत. कडक कण कागदावर टपटप पडल्याचं मला ऐकू येत होतं. त्यांतला एक तिनं बोटावर घेऊन हुंगला असावा, तसा श्वास मी ऐकला. तिचा हात थांबला. तिला कळलं, मित्रांनो. पण ती बोलली नाही.

"काय आहे?" सीतारामरावांनी विचारलं.

"धूळ, मामा," भुवना म्हणाली. "जुनी धूळ."

तिला सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. काल तिला चोर ठरवलं होतं, आज पुरावा तिच्या बोटावर होता. तरी ती धूळ म्हणाली आणि पुन्हा कोरायला लागली. पण स्पिरिटनं भिजलेल्या चंदनाचा वास कुठं लपतो का? तो खोलीभर झाला. स्वैपाकघरातून धनलक्ष्मीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि कागदापाशी वाकल्या.

"धूळ नव्हे गं ती," त्या म्हणाल्या. "गंध आहे. मीच लावलं. आयुधपूजेला. हे मशीन आजारी होतं ना, म्हणून मी म्हटलं, नुसतं झाकणाला कशाला, तोंडांना पण लावावं. तिन्ही तोंडांना चांगलं बोट भरून लावलं मी. अय्यो, देवा, मीच केलं की हे!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. उगाळलेलं चंदन माझ्या दातांवर वाळून दगड झालं होतं. वर गणेशकुमारनं पेन ड्राइव्ह घालघालून ते आणखी आत ठासलं होतं. प्रेमानं लावलेलं गंध, आणि आम्ही दोघं शहाणे घरभर चोर शोधत होतो.

भुवना उठली. "अत्तै, रडू नका. दवाखान्यात याहून वाईट दात असतात," ती म्हणाली. त्या रडता रडता हसल्या. भुवना पुन्हा बसली आणि तिनं उरलेली दोन तोंडं साफ केली. उजव्या तोंडातला एक दात वाकला होता, ते तोंड कायमचं गेलं. डावी दोन स्वच्छ झाली. अर्धा तास तिनं मला वाळत ठेवलं. तिची बस तेवढ्यात गेली असणार, पण तिनं घड्याळाकडे पाहिलं की नाही ते मला कळायला मार्ग नव्हता.

मग बॅटरी बसली, चार्जर लागला, मी टक्-टक् करत जागा झालो. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. अंगवस्त्र सळसळलं नाही. मी वाट पाहत होतो.

"तूच टाईप कर," सीतारामराव म्हणाले. "माझ्या डोळ्याला अजून अक्षरं नीट दिसत नाहीत. रोवळी. इंग्रजी अक्षरांत. पुढं चार शून्य."

अकरा वर्षांत माझा पासवर्ड मोठ्यानं सांगितलेला मी पहिल्यांदा ऐकला. धनलक्ष्मीबाईंनीही. भुवनाची बोटं क्षणभर हवेतच राहिली असावीत, कारण पहिलं अक्षर यायला वेळ लागला. मग तिनं गणेशकुमार ठेवून गेलेली पेन ड्राइव्ह लावली, आणि माझ्या तोंडात मला ती कळली! थंड, नवी, बोलकी. मी तिला लगेच ओळख दिली. मित्रांनो, त्या वेळी मला झालेला आनंद मला सांगता येत नाही.

एकशे बारा फायली होत्या. माझी डिस्क अडखळत होती, एकेक फाईल तीन-तीनदा वाचावी लागत होती. अक्काच्या फाईलशी मी अडकलो, चार मिनिटं अडकलो. "बाबा रे," धनलक्ष्मीबाई पुटपुटल्या. मी उरलंसुरलं सगळं बळ लावलं. ती फाईल पेन ड्राइव्हवर गेली. त्यानंतरच्याही गेल्या.

सीतारामरावांनी पेन ड्राइव्ह हातात घेतली. त्यांची लोखंडी पेटी मला माहीत होती, कुलपाची. आता ती तिथं जाणार, असं मी धरून चाललो होतो. पण ते म्हणाले, "भुवना, ही तुझ्याकडे ठेव."

"माझ्याकडे?"

"अक्काची मराठी आहे ह्यात. ती असती तर तुला बसवून शिकवलं असतंन. मी नाही शिकवलं. मी तुला चोर म्हणालो." मग म्हणाले, "मी चुकलो, पोरी. जाऊ नको."

भुवना तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "जात नाही. पण जेवताना मला पण विचारायचं, काय बोलतो ते."

"विचारतो," सीतारामराव म्हणाले, आणि त्यांनी नख माझ्या कॅमेऱ्यावर घासलं. टिकली सुटली.

उजेड इतका आला की काही क्षण मला काहीच दिसलं नाही. मग दिसलं. सीतारामराव केवढे म्हातारे झाले होते! धनलक्ष्मीबाईंच्या बोटाला कागदावरचं पिवळं गंध लागलं होतं. आणि भुवना. जिच्यावर मी चार वर्षं संशय घेतला, तिचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दमलेली होती, डोळे सुजलेले होते, आणि नाकाच्या शेंड्यावर चंदनाचा एक कण चिकटलेला होता. ती हसत होती.

त्यानंतर नवव्या दिवशी माझी डिस्क थांबली. कुणी घाबरलं नाही. गणेशकुमारनं तिच्या जागी नवी बसवली आणि भुवनाच्या हातानं सगळे शब्द परत माझ्या पोटात आले. आता रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसते आणि सीतारामराव शेजारी. तिला अडलं की ती विचारते, त्यांना दिसलं नाही की ते विचारतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंना गंध जरूर लावा. पण झाकणाला लावा, तोंडाला नको. काही बंद पडलं तर घरातल्या माणसाचं नाव घेण्याआधी एकदा टॉर्च लावून आत बघा. आणि जिच्या मनात काय आहे हे तुम्हांला कळत नाही, तिच्याकडे एकदा टिकली काढून बघा. मी बघितलं, पण चार वर्षं उशिरा.